उसळणारी बाटली आणि थोडासा धीर

उन्हाळा आला, लग्नसराई सुरू झाली, की आदिलाबाद शहरातून पैनगंगेकाठच्या खेड्यांकडे शीतपेयांच्या बाटल्या येऊ लागतात. खाचखळग्यांतून हादरे खात आलेली बाटली मांडवात पोचते न पोचते तोच कोणी उतावळा तिचे झाकण फिरवितो, आणि अर्धे पेय पाहुण्यांच्या अंगावर उडते. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी खरी. परंतु उडालेले झाकण एखाद्या लेकराच्या डोळ्याला लागले, तर सणाचे सुतक व्हावयास वेळ लागत नाही. म्हणून याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या पेयांत कार्बन डायऑक्साइड वायू दाबाने विरघळविलेला असतो. हा वायू पाण्यात मिसळण्याची युक्ती १७६७ साली इंग्लंडातील लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली यांना सापडली. ते शास्त्रज्ञ होते, तसेच धर्मोपदेशकही होते. पुढे १८७२ साली हायरम कॉड यांनी गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. आपला गोटी सोडा त्याच बाटलीतला. तीत आतला वायूच गोटी वर रेटून तोंड बंद ठेवतो. यावरून त्याचे बळ ध्यानात यावे.

हलविल्याने बाटलीतील दाब वाढतो, असा पुष्कळांचा समज आहे. खरे कारण निराळे आहे. हलविल्याने वरच्या पोकळीतील वायूचे बारीक बुडबुडे पेयात सर्वत्र पसरतात. झाकण निघताच दाब उतरतो, विरघळलेला वायू त्या बुडबुड्यांत शिरतो, ते एकाएकी फुगतात आणि पेयाला बाहेर ढकलतात. पेय तापलेले असेल तर वायू अधिकच वेगाने सुटतो.

काही जण डब्यावर टिचक्या मारतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१९ साली बियरच्या सुमारे १,००० डब्यांवर याची परीक्षा केली. टिचक्यांचा काही उपयोग दिसला नाही. थांबणे हाच उपाय.

तेव्हा बाटली आणल्यावर सावलीत, गार जागी उभी ठेवावी आणि काही वेळ तिला हात लावू नये. बुडबुडे वर येऊन विरतात. बर्फ नसेल तर ओले फडके गुंडाळावे. उघडताना तोंड आपल्यापासून व मुलांपासून दूर असावे. फिरकीचे झाकण किंचित सैल करावे. फेस चढू लागला की पुन्हा आवळावे, आणि तो खाली बसल्यावर परत सैल करावे. भरलेली काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात विसरू नये. पेय गोठून काच फुटते.

वाचकहो, तापलेल्या माणसाचेही असेच असते. त्याला आणखी डिवचले तर तो उसळतो. थोडा वेळ दिला तर शांत होतो. मांडवात बाटली उघडणाऱ्याने धीर धरावा, आणि ज्याच्या सदऱ्यावर चार थेंब उडाले त्याने तर अधिकच धरावा.