'कासा', 'सासु' आणि जपानी छत्रीव्यवहार

जपानी भाषेत छत्रीला 'कासा' म्हणतात. आणि गवताची किंवा बांबूची जी रुंद टोपी डोक्यावर बांधतात तिलाही 'कासा'च म्हणतात. लिहिताना या दोहोंसाठी भिन्न चिनी चिन्हे योजली जातात. ऐकणाऱ्याला मात्र क्रियापदाचा आधार घ्यावा लागतो. टोपी असेल तर 'काबुरु', म्हणजे डोक्यावर घालणे. छत्री असेल तर 'सासु', म्हणजे उघडून वर धरणे. (आपल्या सासूशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे वर्गात प्रत्येक वर्षी सांगावे लागते.) मराठीत इरले आणि छत्री ही नामेच वेगळी असल्यामुळे क्रियापदावर असा भार पडत नाही.

समासात उत्तरपद झाले की 'कासा'चा आद्य अघोष वर्ण बहुधा घोष होतो. 'आमे' म्हणजे पाऊस, त्यावरून 'आमागासा'. 'हि' म्हणजे सूर्य, त्यावरून 'हिगासा'. या विकाराला जपानी वैयाकरण 'रेंदाकु' म्हणतात. तो संस्कृत संधीसारखा नियत नाही. तेलकागदाच्या जुन्या छत्रीचे 'काराकासा' हे नाव या विकारातून सुटले आहे.

या समासांची पूर्वपदे पाहू लागलो की त्यांचे दोन वर्ग सहज ध्यानात येतात. पहिल्या वर्गात छत्री कशी आहे हे सांगितलेले असते. वर्तुळाकार पट्ट्यामुळे सर्पाच्या डोळ्यासारखी दिसणारी ती 'जानोमेगासा'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेली धातूच्या काड्यांची पाश्चात्त्य छत्री वटवाघळाच्या पंखांसारखी दिसली, म्हणून ती 'कोमोरिगासा'. दुसऱ्या वर्गात छत्रीचे वर्णन नाही. तिचा माणसाशी असलेला संबंध आहे. अवेळी पाऊस आला तर असावी म्हणून कचेरीत किंवा शाळेत ठेवून दिलेली ती 'ओकिगासा'. उसनी दिलेली 'काशिगासा'. विसरून राहिलेली 'वासुरेगासा'. दोघांनी मिळून घेतलेली 'आइआइगासा'. शाळकरी मुले फळ्यावर छत्रीची आकृती काढून तिच्याखाली दोन नावे लिहितात आणि कोणाचे कोणावर मन आहे ते जाहीर करतात, ती हीच.

काशिगासाला इतिहास आहे. एदो नगरात १६७३ मध्ये उघडलेली एचिगोया ही कापडाची पेढी अचानक पाऊस आला म्हणजे ग्राहकांना आपल्या चिन्हाच्या छत्र्या उसन्या देई. पाऊस पडला की पेढीची जाहिरात नगरभर हिंडे.

आज हा व्यवहार पारदर्शक प्लास्टिकच्या छत्रीने, 'बिनीरुगासा'ने, पालटला आहे. काही शे येनांत ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि सर्व छत्र्या एकसारख्या दिसतात. दाराशी ठेवलेल्या घडवंचीतून कोणी आपली म्हणून दुसऱ्याचीच उचलतो. यासाठी काही इमारतींत घडवंचीलाच कुलपे असतात. टोकियोच्या पोलिसांकडे वर्षाकाठी सुमारे ३ लाख विसरलेल्या छत्र्या जमा होत आल्या आहेत. त्यांपैकी शंभरात एखादीच मालकाकडे परतते. २००७ मध्ये अमलात आलेल्या सुधारित कायद्याने सापडलेली वस्तू जपून ठेवण्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली. छत्रीसारख्या स्वस्त वस्तू तर दोन आठवड्यांनंतर विकण्याची मुभा दिली. ज्या देशात हरवलेले पाकीट परत मिळण्याची ख्याती आहे तेथे छत्रीची ही गत आहे. म्हणून 'जपानी माणूस प्रामाणिक' किंवा 'जपानी माणूस बेफिकीर' यांपैकी कोणतेही विधान एका वस्तूवरून करू नये. शब्दांवरून तर मुळीच नाही, कारण असे समास जपानीत हवे तितके होतात.

या संदर्भात 'कासा काशिगे' या शब्दप्रयोगाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. अरुंद गल्लीत समोरासमोर आलेल्या दोघांनी आपापली छत्री बाहेरच्या बाजूस कलती करावी, म्हणजे पाणी दुसऱ्यावर पडत नाही, असा त्याचा आशय. रीत चांगली आहे आणि अनेक जण ती पाळतात. परंतु ती एदोकालीन व्यापाऱ्यांच्या शिष्टाचाराचा वारसा आहे असा जो प्रचार झाला, आणि जो २०१४ च्या शासकीय नीतिशिक्षणाच्या पुस्तकापर्यंत पोहोचला, त्याला त्या काळातील लेखी आधार मिळत नाही, असे टीकाकारांनी दाखवून दिले आहे. या शिष्टाचारसंचाचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. शब्दाचे घटक जुने असले म्हणून शब्द जुना ठरत नाही, आणि शब्द जुना असला तरी चाल जुनी ठरत नाही. आपल्याकडील कित्येक 'परंपरागत' रीतींचे वय ठरवतानाही हे पथ्य पाळले जात नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

सध्या निरीक्षण करण्याजोगा शब्द आहे 'हिगासा दान्शी', म्हणजे उन्हाची छत्री वापरणारा पुरुष. जपानमध्ये हिगासा दीर्घकाळ स्त्रियांचीच मानली गेली. उन्हाळे कडक होऊ लागल्यावर, २०१९ मध्ये, खुद्द पर्यावरण मंत्रालयाने पुरुषांनी ती वापरावी असा प्रचार केला. 'दान्शी' हे पद जोडावे लागते याचा अर्थ नुसत्या 'हिगासा'तून अद्याप स्त्रीच सूचित होते. हे पद केव्हा गळून पडते, आणि रस्त्यावरील चाल आधी बदलते की शब्द, याची नोंद एखाद्या विद्यार्थ्याने जपानी वृत्तपत्रांतून काही वर्षे सातत्याने घ्यावयास हरकत नाही.