शीवचा स्लॅब आणि जर्मनीची भिंत

शीव-माटुंग्यातल्या जुन्या आरसीसी इमारतींत मान वर करून पाहा. छताच्या गिलाव्याला सळईच्या रेषेत सरळ भेग पडते, मग पोपडे सुटतात आणि एके दिवशी गंजलेली सळई उघडी पडते. दोष मात्र सळईचा कमी आणि काँक्रीटचा जास्त.

ताज्या काँक्रीटचा सामू 12.5च्या आसपास असतो. त्या अल्कलीत लोखंडावर एक अतिपातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरला की अल्कली कमी होते आणि खाऱ्या हवेतले क्लोराइड तो थर भेदतात. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून वरचे काँक्रीट फुटते. याला किती वर्षे लागतील, हे बरेचसे गवंड्याच्या हातात असते. माल फावड्याला जड लागू लागला की बिगारी त्यात आणखी डबाभर पाणी ओततो. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला लागते त्याहून जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे बारीक छिद्रांचे जाळे ठेवते. नेमकी तीच कार्बन डायऑक्साइडची वाट!

हे त्या बिगाऱ्याला सांगितले कोणी? तो मिस्त्रीच्या हाताखाली शिकला. ओळंबा, पाणसळ, थापी यांवर त्याचा हात बसला, पण 'का' हे कळलेच नाही. आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकवतात, तरी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसापर्यंत ते क्वचितच पोहोचते. याउलट जर्मनीत गवंड्याचे शिक्षण 3 वर्षांचे: साइटवरचे काम, व्यवसाय शाळा आणि शेवटी परीक्षा.

2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी तिथे कुशल मनुष्यबळ पुरवण्यासाठी करार केला. पण तिथली भिंत वेगळी. थंडीत घराची ऊब टिकावी म्हणून भाजलेल्या मातीचे पोकळ ठोकळे वापरतात आणि अनेकदा सांधा जेमतेम 1 मि.मी. ठेवतात. आपल्याकडे सांधा सुमारे 10 मि.मी.चा, भिंत आरसीसी चौकटीत भरलेली आणि लढाई पावसाशी. नुसता हात बसलेला माणूस तिथे अडखळेल. 'का' समजलेला माणूस दोन्हीकडे उभा राहील, असे मला ठामपणे वाटते.

तुमच्या सोसायटीत नवे काँक्रीट पडणार असेल तर कंत्राटदाराला दोन गोष्टी विचारा. सळईभोवती काँक्रीटचे पुरेसे आवरण राहावे म्हणून तिच्याखाली कव्हर ब्लॉक आहेत का? आणि काँक्रीट टाकल्यानंतर किमान 7 दिवस त्यावर पाणी कोण मारणार?