विश्लेषण : एका ‘क्लिक’मध्ये मुलांच्या डोळ्यांची तपासणी… यंत्राच्या निकालावर किती विसंबायचे?

यंत्राच्या पडद्यावर मुलाच्या नावासमोर ‘रेफर’ उमटले, की संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातील पालकांपुढे एकच काम उरते. दिवसाची मजुरी बुडवून खामगावचे सामान्य रुग्णालय गाठायचे, नाहीतर घाट चढून बुलढाण्याला जायचे. ‘पास’ उमटूनही दोष राहून गेला, तर किंमत त्याहून मोठी. त्यामुळे ही यंत्रे किती अचूक आहेत, हा प्रश्न घाटाखालच्या गावांसाठी नुसता तांत्रिक नाही.

यंत्र नेमके काय करते?

दिसायला कॅमेऱ्यासारखे असलेले हे यंत्र साधारण एक मीटर अंतरावरून मुलाच्या डोळ्यांत अवरक्त प्रकाश सोडते. हा प्रकाश डोळ्याच्या पडद्यावरून परत येतो. बाहुलीत उजळ पट्टा कुठे आणि किती पडला, यावरून सॉफ्टवेअर नंबरचा अंदाज बांधते. याला फोटोरिफ्रॅक्शन म्हणतात. हॉवर्ड आणि ब्रॅडफर्ड हॉवलँड यांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली होती.

मुलाला काही वाचावे किंवा सांगावे लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. अंगणवाडीतले तीन वर्षांचे मूल तक्त्यावरच्या ‘ई’चे तोंड कुठे आहे हे सांगेलच असे नाही. यंत्राकडे मात्र ते क्षणभर नक्की बघते.

मग चूक कुठे होते?

मुलांच्या डोळ्यातले भिंग लवचिक असते. तपासणीच्या वेळी मुलाने नकळत नजरेला ताण दिला, की प्लस नंबर झाकला जातो आणि कधी नसलेला मायनस नंबर दिसतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ थेंब टाकून हा ताण सैल करतात आणि मगच रेटिनोस्कोपने नंबर काढतात. मुलांच्या बाबतीत हीच कसोटी मानली जाते. शाळेच्या व्हरांड्यात, भर उजेडात बाहुली आकसते आणि यंत्राला मोजणेच जमत नाही. त्यासाठी मंद प्रकाशाची खोली लागते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हे यंत्र मुलाला किती दिसते ते मोजत नाही, नंबर असण्याचा धोका सांगते.

‘९० टक्के अचूक’ म्हणजे काय?

इथे दोन वेगळे आकडे असतात. दोष असलेल्यांपैकी किती जण सापडले हा एक आणि निरोगी मुलांपैकी किती जणांना बरोबर ‘पास’ मिळाले हा दुसरा. समजा १,००० मुलांत ५० जणांना खरा दोष आहे आणि यंत्राचे दोन्ही आकडे ९० टक्के आहेत. मग ४५ मुले सापडतील, ५ सुटतील. पण उरलेल्या ९५० निरोगी मुलांपैकी ९५ जणांनाही ‘रेफर’ मिळेल. म्हणजे रुग्णालयात पाठवलेल्या १४० पैकी ९५ जणांची खेप फुकट. निकष सैल केला तर फुकट खेपा कमी होतात, पण सुटणारी मुले वाढतात. यातून सुटका करणारे यंत्र अजून बनलेले नाही.

प्रत्यक्षात आकडे याहून कमी येऊ शकतात. अमेरिकेतील ‘व्हिजन इन प्रीस्कूलर्स’ अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर अनेक चाचण्या ताडून पाहिल्या गेल्या. निरोगी मुलांना बरोबर ओळखण्याचे प्रमाण ९० टक्क्यांवर स्थिर ठेवले, तेव्हा सर्वांत चांगल्या चाचण्यांनाही दोष असलेल्या १० पैकी जेमतेम सहा मुले सापडली. गंभीर दोष मात्र बरेच जास्त सापडले. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, नंतरची यंत्रे सुधारली आहेत. तरी विक्रेत्याच्या पत्रकातला टक्का वाचताना हे लक्षात ठेवलेले बरे.

आपल्याकडची व्यवस्था काय?

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावे, अशी रचना आहे. मोठ्या मुलांसाठी सहा मीटरवरचा तक्ता आजही स्वस्त आणि उपयोगी आहे, कारण तो प्रत्यक्ष नजर तपासतो. लहानग्यांसाठी यंत्र उजवे. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असे काही नाही.

पालकांनी काय करावे?

यंत्राच्या चिठ्ठीवरून थेट चष्मा करून घेऊ नये. ‘पास’ असले तरी मूल डोळे बारीक करत असेल, मान तिरकी धरत असेल किंवा एक डोळा तिरळा दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. एका डोळ्यात नंबर जास्त असेल तर तो डोळा ‘आळशी’ होऊ शकतो. सातव्या वर्षाआधी उपचार सुरू झाले तर ते अधिक लागू पडतात.

रुग्णालयात थेंब टाकल्यावर जवळचे धूसर दिसते आणि ऊन सोसत नाही. त्यामुळे टोपी सोबत ठेवावी आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तपासणी टाळावी. काही मुलांना ॲट्रोपिनचे मलम देतात. ते तपासणीआधी काही दिवस घरीच लावावे लागते, म्हणजे पुन्हा एक खेप. निघण्यापूर्वी आरोग्य पथकाकडून किंवा आशाताईंकडून नेत्रतज्ज्ञांचा तपासणीचा वार विचारून घ्यावा.