इस्तंबूलच्या रस्त्यावर भेटलेला ताल

जॅझच्या एखाद्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेचा उगम न्यू यॉर्कमधील धुरकट क्लबात असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांच्या 'टाइम आउट' या १९५९ सालच्या ध्वनिमुद्रिकेची कथा मात्र इस्तंबूलच्या रस्त्यावर सुरू होते, आणि तिच्या वाटेवर आपली मुंबईही लागते.

शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिकेचे परराष्ट्र खाते जॅझवादकांना सांस्कृतिक दूत म्हणून परदेशी धाडीत असे. १९५८ साली ब्रुबेक यांचे चार जणांचे पथक पोलंड, तुर्कस्तान, भारत, सिलोन, इराण असे फिरले. मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत ब्रुबेक यांनी वादन केले. परतल्यावर त्यांनी 'कलकत्ता ब्लूज' ही रचनाही केली. पण त्यांच्या मनात ठाण मांडून बसला तो तुर्कस्तानातील एक ताल.

इस्तंबूलच्या रस्त्यावर काही वादक नऊ मात्रांत वाजवीत होते. नऊ म्हणजे तीन-तीन-तीन, ही पाश्चात्त्य कानांची सवय. येथे मात्र विभागणी होती दोन-दोन-दोन-तीन अशी. ब्रुबेक यांनी स्थानिक नभोवाणीच्या वादकांपाशी त्याविषयी चौकशी केली, तेव्हा ते सारे तो ताल लगेच वाजवू लागले. तुमच्याकडे जसा ब्लूज, तसा आमच्याकडे हा ताल, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यातूनच 'ब्लू राँडो आ ला तुर्क' ही रचना जन्मली.

अर्थात, कान आधीपासून तयार असल्याशिवाय असे काही ऐकू येत नाही. ब्रुबेक कॅलिफोर्नियातील गुरांच्या कुरणांवर वाढले. घोड्याच्या टापांवर मनातल्या मनात दुसरी लय बसवण्याचा खेळ त्यांनी लहानपणापासून केला होता.

रूपक आणि झपतालावर वाढलेल्या आपल्या श्रोत्याला यात नवल ते काय, असे वाटेल. अमेरिकी जॅझ मात्र तोवर बहुतांशी चार मात्रांतच रमलेले होते. त्यामुळे कोलंबिया कंपनीतील मंडळी धास्तावली. सगळ्या रचना नव्या, ताल नाचता न येणारे, वर मुखपृष्ठावर आधुनिक चित्र! आधी परिचित गीतांची एक ध्वनिमुद्रिका करून द्यावी, मग हा प्रयोग, असा सौदा ठरला. कंपनीचे अध्यक्ष गॉडार्ड लीबरसन पाठीशी उभे राहिले म्हणून तो तडीस गेला.

सर्वांत लोकप्रिय ठरलेली पाच मात्रांची 'टेक फाइव्ह' ही ब्रुबेक यांची नव्हे, तर सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांची रचना. ड्रमवादक जो मोरेलो यांना पाच मात्रांत खेळण्याचा नाद होता, त्यांच्यासाठी ती केली गेली. तिचे श्रेय आपल्या तालशास्त्राला देण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

पुन्हा ऐकाल तेव्हा 'ब्लू राँडो'चा मधला भाग लक्षपूर्वक ऐका. तेथे नऊ मात्रांची दोन आवर्तने आणि चार मात्रांची दोन आवर्तने आलटून पालटून येतात. तुर्की ताल आणि अमेरिकी ब्लूज काही क्षण समोरासमोर बसतात. मग ब्लूज पुढे निघतो आणि अखेरीस तो नऊ मात्रांचा ताल पुन्हा दारात हजर होतो.