थकलेले भाडे : हप्त्यांचा करार कसा करावा?

नोकरी सुटते, घरात दीर्घ आजारपण येते किंवा धंदा बसतो. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतील असंख्य कुटुंबांनी हा अनुभव घेतला. अशा वेळी भाड्याचा पहिला महिना आश्वासनावर निघतो, दुसऱ्या महिन्यात घरमालकाचा फोन घेणे नकोसे होते आणि पुढे वकिलाची नोटीस दारात येते. थकबाकीपेक्षा हा अबोलाच पुष्कळदा घर घालवतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ ने भाडेकरूला संरक्षण दिले आहे. थकलेल्या भाड्याची लेखी मागणी करणारी नोटीस बजावल्यानंतर ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणासाठी घर रिकामे करून घेण्याचा दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढील भाडे नियमित भरले आणि दाव्याचा खर्च दिला, तर त्या कारणाने घर सोडण्याचा हुकूमनामा होत नाही.

मात्र या तरतुदीत थकबाकी पूर्ण भरावयाची आहे. हप्त्यांची सवलत तीत नाही. हप्ते मिळतात ते मालकाच्या संमतीने. म्हणूनच ही संमती नोटीस येण्यापूर्वी आणि लेखी मिळवणे महत्त्वाचे ठरते. लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांना तर कलम १५ चा आधारही नसतो. त्यांच्या बाबतीत करारातील अटीच प्रमाण मानल्या जातात. त्यांनी अधिकच तत्परता दाखवावी.

बोलणी करण्यापूर्वी हिशेब मांडावा. समजा, दरमहा भाडे १२ हजार रुपये असून तीन महिने थकले आहेत. बाकी झाली ३६ हजार. ती सहा हप्त्यांत फेडावयाची तर चालू भाड्यासह दरमहा १८ हजार रुपये लागतील. बारा हप्त्यांत १५ हजार. जे झेपेल तेच कबूल करावे. पहिल्याच महिन्यात मोडलेला शब्द मालकाचा उरलासुरला विश्वासही संपवतो. अनामत रकमेतून काही बाकी वळती करण्याचा प्रस्तावही ठेवता येतो. पण तीही मालकाच्या संमतीचीच बाब आहे.

कराराच्या कागदावर कोणत्या महिन्यांची किती बाकी आहे, हप्त्याची रक्कम व तारीख, व्याज आकारले जाणार की नाही, हे स्पष्ट असावे. हप्ते वेळेवर मिळत असेपर्यंत थकबाकीसाठी मालक कारवाई करणार नाही, हे वाक्य विसरू नये. सही करण्यापूर्वी आकडा मात्र तपासून घ्यावा. थकीत भाड्याच्या वसुलीची मुदत तीन वर्षांची असते. त्या मुदतीत बाकी लेखी मान्य केली की सहीच्या दिवसापासून ती नव्याने मोजली जाते.

पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत आणि रक्कम कशापोटी आहे, चालू भाडे की जुना हप्ता, हे प्रत्येक वेळी कळवावे. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार ऋणकोने असे सांगून दिलेली रक्कम धनकोने स्वीकारली, तर ती त्याच देण्यापोटी जमा करावी लागते. काहीच सांगितले नाही, तर ती कुठे जमा करावयाची हे धनको ठरवतो. रोख दिल्यास पावती मागावी; भाड्याची पावती देणे हे भाडे नियंत्रण कायद्याने मालकाचे कर्तव्यच आहे.

हा करार मालकाच्याही हिताचा असतो. निवृत्तीनंतर भाड्यावरच घर चालवणारे मालक कमी नाहीत. त्यांच्या दृष्टीने लघुवाद न्यायालयातील तारखांपेक्षा दरमहा हाती येणारा हप्ता मोलाचा असतो. अडचण पहिल्याच महिन्यात, समोर बसून सांगितली, तर हे त्यांनाही पटवून देता येते.