दुसरे मत : न्यूझीलंडने एकपक्षीय सत्तेला घातलेला लगाम

निवडणुका वेळेवर होतात, मतमोजणीत खोट काढता येत नाही, सरकारेही बदलतात, आणि तरीही आपल्या मताला किंमत उरलेली नाही अशी मतदाराची भावना होत जाते, ही अवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये जितकी ठळकपणे दिसली तितकी क्वचितच अन्यत्र दिसली असेल. स्त्रियांना १८९३ मध्येच मताधिकार देणारा, लोकशाहीची जुनी परंपरा असलेला हा देश आहे. तेथे १९३५ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, त्याच्या विरोधकांनी १९३६ मध्ये एकत्र येऊन नॅशनल पक्ष स्थापन केला, आणि युद्धकाळातील अल्प अवधी वगळता पुढे जवळजवळ साठ वर्षे हेच दोन पक्ष आळीपाळीने, आणि प्रत्येक वेळी एकेकट्याच्या बळावर, राज्य करत राहिले. ही व्यवस्था तेथील जनतेने कोणतेही बंड न करता, केवळ सार्वमताच्या मार्गाने मोडली. त्या जनतेचा राग नेमका कशावर होता हे समजून घेतल्याशिवाय तिने शोधलेल्या उपायाचे मोल लक्षात येणार नाही.

या व्यवस्थेचे मूळ ब्रिटनकडून आलेल्या निवडणूक पद्धतीत होते. प्रत्येक मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडायचा आणि इतरांपेक्षा एक मत जरी अधिक मिळाले तरी तो विजयी ठरवायचा, ही पद्धत लोकसभा आणि विधानसभेसाठी मतदान करणाऱ्या भारतीय मतदाराच्याही अंगवळणी पडलेली आहे. मोरिस दुव्हर्जे या फ्रेंच राज्यशास्त्रज्ञाने अशा पद्धतीचा कल द्विपक्ष व्यवस्थेकडे असतो असे १९५१ मध्ये मांडले होते, आणि त्याने दिलेले कारण सरळ होते : तिसऱ्या पक्षाला देशभर मते मिळाली तरी ती विखुरलेली असल्याने जागा मिळत नाहीत, आणि जागा मिळत नाहीत हे कळल्यावर मतदारही मत वाया जाऊ नये म्हणून पहिल्या दोघांपैकी कमी नावडता पक्ष निवडतो. अशा प्रकारे मत हे पसंतीचे साधन न राहता दुसऱ्याला पाडण्याचे साधन बनते. भारतात प्रादेशिक पक्ष आपापल्या राज्यात एकवटलेले असल्यामुळे हा नियम देशपातळीवर तसाच्या तसा लागू पडला नाही. न्यूझीलंडसारख्या लहान आणि एकात्म देशात मात्र तो पुरेपूर लागू पडला.

१९७८ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ४०.४ टक्के आणि नॅशनल पक्षाला ३९.८ टक्के मते मिळाली. जागा मात्र मजूर पक्षाला ४० आणि नॅशनल पक्षाला ५१ मिळाल्या. अधिक मते मिळवणारा पक्ष विरोधी बाकांवर बसला, कारण त्याची मते शहरांतील हक्काच्या मतदारसंघांत ढिगाने पडली होती आणि तेथे गरजेपेक्षा अधिक मिळालेल्या मतांचा अन्यत्र काहीच उपयोग नव्हता. १९८१ मध्ये पुन्हा तसेच घडले. त्याच वर्षी सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला २०.७ टक्के मते, म्हणजे देशातील प्रत्येक पाच मतांमागे एक मत मिळाले, आणि ९२ जणांच्या सभागृहात त्याचे केवळ दोन सदस्य पोहोचले. प्रमाणाने पाहिले तर ही संख्या १९ भरली असती. १९८४ मध्ये नव्यानेच निघालेल्या न्यूझीलंड पक्षाने १२ टक्क्यांहून अधिक मते घेतली आणि त्याला एकही जागा मिळाली नाही. १९५४ पासून १९९३ पर्यंत सलग १४ निवडणुकांत कोणत्याही पक्षाला निम्मी मते मिळाली नव्हती, आणि तरीही प्रत्येक वेळी कोणीतरी एकट्याने संपूर्ण सत्ता उपभोगली.

ही सत्ता किती संपूर्ण होती, याचा विचार येथे विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण बऱ्याच देशांत सरकारच्या हाताला धरणारे जे दुसरे हात असतात त्यांपैकी जवळजवळ एकही न्यूझीलंडमध्ये नव्हता. घटक राज्ये नव्हती. एकसंध लिखित संविधान नव्हते, त्यामुळे संसदेने केलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार न्यायालयांना नव्हता. वरिष्ठ सभागृह पूर्वी होते; परंतु १९५० मध्ये नॅशनल पक्षाच्या सरकारने तेथे आपले जादा सदस्य नेमले आणि त्यांच्याच मतांनी ते सभागृह विसर्जित करून टाकले. त्या सदस्यांना तेव्हा ‘आत्मघाती पथक’ असे नाव पडले होते. उरलेल्या एकमेव सभागृहातील बहुमताचे गणित तर एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखे होते. ९२ जणांत बहुमताला ४७ लागत. त्या ४७ जणांच्या संसदीय पक्षाच्या बंद दाराआडच्या बैठकीत निर्णयाला २४ पुरत. मंत्री आणि उपमंत्री मिळूनच ही संख्या जवळपास भरत असे, आणि सामुदायिक जबाबदारीच्या तत्त्वामुळे, म्हणजे मंत्रिमंडळाचा निर्णय झाला की प्रत्येक मंत्र्याने त्याच्या बाजूने उभे राहिलेच पाहिजे या दंडकामुळे, वीसेक जणांच्या मंत्रिमंडळात अकरा जणांचा कल ठरला की बाकीचे डबे आपोआप मिटत. रॉबर्ट मल्डून हे १९७५ ते १९८४ या काळात पंतप्रधान तर होतेच, पण अर्थखातेही त्यांच्याकडेच होते. अशा माणसाच्या बाबतीत अकरा ही संख्याही मोठीच म्हणावी लागेल.

मल्डून सत्तेवर आले तेव्हा आधीच्या सरकारने कायदा करून सुरू केलेली सक्तीची निवृत्तिवेतन योजना अस्तित्वात होती. डिसेंबर १९७५ मध्ये, संसदेत तो कायदा रद्द होण्यापूर्वीच, यापुढे वर्गणी भरण्याची सक्ती नाही असे त्यांनी एका प्रसिद्धिपत्रकाद्वारे जाहीर केले. एका सरकारी कर्मचाऱ्याने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, आणि संसदेच्या संमतीवाचून कायदा स्थगित करण्याचा अधिकार राजसत्तेला नाही या १६८८ च्या इंग्रजी हक्कविधेयकातील तत्त्वाचा आधार घेऊन सरन्यायाधीशांनी १९७६ मध्ये पंतप्रधानांची कृती बेकायदा ठरवली. न्यायालयाचा हा निर्भीडपणा आदरास पात्र आहे. परंतु त्याचा व्यावहारिक परिणाम फारसा झाला नाही, कारण सरकारजवळ बहुमत होते आणि पुढे संसदेकडून हवा तो कायदा करून घेणे त्याला अवघड नव्हते. १९८२ मध्ये क्लूथा नदीवरील क्लाइड धरणाच्या पाणीहक्काबाबत न्यायालयीन निर्णय प्रतिकूल गेल्यावर खास कायदा करून तोही ओलांडला गेला. येथे सोशल क्रेडिटच्या दोन सदस्यांनी सरकारला साथ दिली. पाचांतील एका मतदाराने पर्याय म्हणून पाहिलेला पक्षही शेवटी त्या सत्तेच्या कामी आला, याची खंत त्याच्या मतदारांना वाटली असल्यास नवल नाही.

जेफ्री पामर या कायद्याच्या प्राध्यापकाने १९७९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच ‘बेलगाम सत्ता’ असा शब्दप्रयोग करून हे दुखणे नेमके पकडले. पुढे ते मजूर पक्षातर्फे निवडून आले, १९८४ मध्ये उपपंतप्रधान झाले, आणि निवडणूक पद्धतीचा विचार करण्यासाठी १९८५ मध्ये एक शाही आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती जॉन वॉलेस यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने डिसेंबर १९८६ मध्ये जर्मनीच्या धर्तीवर मिश्र सदस्य प्रमाणशीर पद्धत स्वीकारावी आणि त्यासाठी सार्वमत घ्यावे अशी शिफारस केली. दोन्ही प्रमुख पक्षांतील बहुतेकांना हा अहवाल मनातून नको होता, कारण ज्या शिडीने आपण वर आलो तीच काढून घेण्याचा तो प्रस्ताव होता.

तो अहवाल कपाटात पडून राहिला असता. तो बाहेर निघाला, तो याच दोन पक्षांच्या वागणुकीमुळे. १९८४ मध्ये मल्डून यांना कंटाळलेल्या जनतेने मजूर पक्षाला निवडले, ते कामगारांचा आणि कल्याणकारी राज्याचा पक्ष म्हणून. त्या पक्षाचे अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी शेतीची अनुदाने काढून घेतली, चलनाचा दर बाजारावर सोडला, १९८६ मध्ये वस्तू व सेवा कर आणला आणि सरकारी खात्यांच्या कंपन्या केल्या. वनखाते आणि टपालखात्यावर अवलंबून असलेल्या लहान गावांतील माणसांच्या नोकऱ्या गेल्या. यांतील बहुतेक बाबींची वाच्यता प्रचारात झालेली नव्हती. या धोरणांची आर्थिक गरज होती की नाही यावर आजही मतभेद आहेत. परंतु ती ज्या रीतीने लादली गेली तिचे समर्थन करणे कठीण आहे. संतापलेल्या मतदाराने १९९० मध्ये नॅशनल पक्षाला ४७.८ टक्के मते आणि ९७ पैकी ६७ जागा दिल्या. निवृत्तिवेतनावरील जादा कर रद्द करण्याचे आश्वासन देऊन आलेल्या त्या सरकारने ते आश्वासन पाळले नाही, आणि पहिल्या काही आठवड्यांतच, डिसेंबर १९९० मध्ये, बेकारांचे आणि एकट्या पालकांचे भत्ते कापण्याची घोषणा केली. मतदाराने सरकार बदलून पाहिले, विरोधकांना आणून पाहिले, आणि दोन्ही वेळा त्याच्या पदरी तेच पडले. आता बदलण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे मत मोजण्याची रीत.

१९ सप्टेंबर १९९२ रोजी झालेल्या पहिल्या, केवळ कल अजमावणाऱ्या सार्वमतात ८४.७ टक्के मतदारांनी पद्धत बदलावी असा कौल दिला आणि पुढे ठेवलेल्या चार पर्यायांपैकी मिश्र पद्धतीला ७०.५ टक्के पसंती मिळाली. बंधनकारक सार्वमत ६ नोव्हेंबर १९९३ रोजी सार्वत्रिक निवडणुकीबरोबर घेण्यात आले. विरोधात मोठ्या उद्योगपतींनी पैसा ओतून जोरदार मोहीम चालवली, अस्थिरतेची भीती घातली आणि मतांचे अंतर बरेच कमीही केले, तरी ५३.९ टक्के लोक बदलाच्या बाजूने उभे राहिले. त्याच दिवशी जुन्या पद्धतीने झालेल्या अखेरच्या निवडणुकीत नॅशनल पक्षाला ३५ टक्के मतांवर ९९ पैकी ५० जागा, आणि अलायन्स या आघाडीला १८ टक्के मतांवर दोन जागा मिळाल्या. बदलाच्या बाजूने याहून बोलका पुरावा शोधूनही सापडला नसता.

नव्या मतपत्रिकेवर दोन रकाने असतात : एकात पक्षाला आणि दुसऱ्यात स्थानिक उमेदवाराला मत द्यायचे, आणि ही दोन मते वेगवेगळ्या पक्षांना देण्याची मुभा असते. १२० जणांच्या संसदेत कोणत्या पक्षाचे किती सदस्य, हे पक्षाला दिलेल्या मतावरून ठरते. समजा एखाद्या पक्षाला त्या रकान्यात २५ टक्के मते पडली, तर त्याला सुमारे ३० जागा मिळायला हव्यात. त्याचे २२ उमेदवार मतदारसंघांतून निवडून आले असतील, तर उरलेले आठ जण त्याने आधीच जाहीर केलेल्या यादीतून क्रमाने घेतले जातात. मात्र यादीतील वाटा मिळण्यासाठी किमान ५ टक्के मते किंवा एक मतदारसंघ जिंकण्याची अट आहे. माओरी या मूळ रहिवाशांसाठी १८६७ पासून असलेले स्वतंत्र मतदारसंघ कायम ठेवण्यात आले आणि ते चारावरून वाढून आज सात झाले आहेत. १९९६ मधील पहिल्याच नव्या निवडणुकीत संसदेतील स्त्रियांचे प्रमाणही २१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले.

सुरुवात खडतर होती. सरकार बनवण्याच्या वाटाघाटी सुमारे दोन महिने चालल्या, बनलेली आघाडी १९९८ मध्ये फुटली, आणि सदस्यांनी पक्ष बदलण्याचे इतके प्रकार घडले की माओरी भाषेतील नावेच्या शब्दावरून तेथे पक्षांतराला ‘वाका-उडी’ असे नाव पडले व २००१ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. महाराष्ट्रातील वाचकाला या अनुभवाची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. पाच टक्क्यांची अटही निर्दोष नाही : २००८ मध्ये ४.०७ टक्के मते मिळवणारा न्यूझीलंड फर्स्ट पक्ष संसदेबाहेर राहिला, आणि ३.६५ टक्के मते मिळवणाऱ्या अॅक्ट पक्षाला, त्याने एक मतदारसंघ जिंकला म्हणून, पाच जागा मिळाल्या. हा अन्यायच आहे आणि तो दूर व्हायला हवा. तरीही २०११ मध्ये पुन्हा विचारले असता ५७.८ टक्के लोकांनी हीच पद्धत राखली. २०२० मध्ये मजूर पक्षाला १२० पैकी ६५ जागा मिळून या पद्धतीत प्रथमच एका पक्षाचे बहुमत आले, आणि त्यासाठी त्या पक्षाला निम्मी मते मिळवावी लागली. जुन्या काळी हीच सत्ता ३५ टक्क्यांत मिळत होती. नव्या पद्धतीने केलेला खरा फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

भारताच्या संविधान सभेतही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी झाली होती, आणि साक्षरतेचे प्रमाण व सरकारचे स्थैर्य या कारणांस्तव डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्या वेळी ही कारणे वजनदार होती. संघराज्य, राज्यसभा आणि कायदे रद्द करू शकणारे न्यायालय असे लगामही भारतात आहेत, त्यामुळे न्यूझीलंडचे औषध येथे जसेच्या तसे लागू पडेल असे म्हणता येत नाही. तथापि मते आणि जागा यांतील दरी येथेही आहे : १९८४ मध्ये काँग्रेसला सुमारे निम्म्या मतांवर ४०० हून अधिक जागा मिळाल्या, तर २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या. ऑकलंडमध्ये स्थायिक झालेल्या आणि भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या मराठी माणसालाही, कायम निवासाचा परवाना आणि सलग एक वर्षाचे वास्तव्य असल्यास, त्या दोन रकान्यांच्या मतपत्रिकेवर मत देता येते. येथील मतदाराच्या हाती एकच मत आहे. त्याने निदान निकालाच्या दिवशी जागांच्या आकड्यांशेजारी छापलेला मतांच्या टक्केवारीचा रकानाही वाचावा.