पाचव्या हिश्श्याचं घर

घर सांभाळणाऱ्या बाईंनी माझ्या हातावर वीतभर लांबीची लोखंडी किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, “शाव.” मी म्हटलं, “चावी.” त्या चमकल्या, मीही. मग त्यांनी दार लोटलं आणि ते असं काही करकरलं की माझं लक्ष बिजागरीकडे गेलं. तोही शब्द जुन्या पोर्तुगीजमधून आपल्याकडे आला, पण हे समजावण्याइतकी त्यांची भाषा मला येत नव्हती. मी नुसती हसले.

उत्तर पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यात, पिन्यांव गावाच्या वर चढणीला हे घर आहे. चुन्याने रंगवलेल्या भिंती, दारांना ग्रॅनाइटच्या चौकटी, अंगणाच्या कडेला चार माणसांनी भरेल एवढं देवघरवजा चॅपेल. अशा घराला, म्हणजे घरासकट सगळ्या मळ्याला, इथे ‘किंता’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पाचवा. कसणाऱ्याने मालकाला उत्पन्नाचा पाचवा हिस्सा द्यायचा, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. चौथाई ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. दमणच्या गावांवरची चौथाई शिवाजी महाराजांनी याच पोर्तुगीजांकडे मागितली होती हे आठवून मला उगाचच बरं वाटलं.

किंता पाहुण्यांसाठी बांधलेली नसते, हे पहिल्याच पहाटे कळतं. साडेपाचला खिडकीखाली ट्रॅक्टर सुरू होतो. सप्टेंबरअखेर द्राक्षकाढणीचे दिवस, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? एरवी खोरं इतकं शांत असतं की पलीकडच्या काठाच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं.

बाहेर आलं की डोंगर दिसतो तो पायऱ्यापायऱ्यांचा. जमीन म्हणावी तर मातीच नाही. पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा शिस्ट. माणसांनी तो पहारीने फोडला, निघालेल्या दगडाचे बांध रचले आणि उरलेल्या चुऱ्यात वेल लावले. मुळं फटींतून पाण्याच्या शोधात खोल जातात. नऊ महिने ‘इन्व्हेर्नु’ म्हणजे हिवाळा आणि तीन महिने ‘इन्फेर्नु’ म्हणजे नरक, असं या हवेबद्दल इथले लोक म्हणतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. नाशिकच्या मांडवाखालून सावलीत फिरायची सवय असलेल्याला इथे कमरेइतक्या वेलींमधून उन्हात वाकून चालणं जड जातं.

काही बांध ओसाड आहेत, त्यांवर ऑलिव्ह नाहीतर नुसतं झुडूप. त्यांना ‘मोर्तोरियु’ म्हणतात. शब्दातच मरण आहे. 1860च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड अमेरिकेतून युरोपात पोचली आणि दोरूच्या बागा बसल्या. उपायही अमेरिकेतूनच आला. तिकडच्या रानवेलीचा खुंट लावायचा आणि त्यावर आपलं कलम भरायचं. आपला बागाईतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतो तो वेगळ्या कारणाने, पण खुंट अमेरिकनच. ज्यांच्यापाशी पुन्हा लावणीचा पैसा नव्हता त्यांचे बांध तसेच राहिले.

त्या काळात ज्यांनी जमिनी राखल्या त्यांत दोना आंतोनिया फेरैराचं नाव अजून घरोघर घेतलं जातं. 1811 साली रेगुआत जन्म, तेहतिसाव्या वर्षी वैधव्य, आणि 1896 साली वारली तेव्हा नावावर वीसहून जास्त किंता. 1861 साली नदीतल्या एका खळाळात तिची नाव उलटली. सोबतचा इंग्रज व्यापारी, दोरूचा नकाशा काढणारा बॅरन फॉरेस्टर, बुडाला. त्याच्या कमरेला सोन्याच्या नाण्यांचा पट्टा होता आणि हिला घेरदार झग्याने तरंगत ठेवलं, अशी कथा. खरीखोटी माहीत नाही, पण इथे सगळे चवीने सांगतात.

दुपारी बाईंनी तळघर दाखवलं. काळोख, ओल, सुकामेव्यासारखा गोडसर वास. त्यांनी ओळीतल्या एका बॅरलच्या लाकडी कुशीवर थाप मारली: “पिपा.” या वेळी मला धक्का बसला नाही. आमच्या अंगणातलं पाण्याचं पिंप मला दिसलंच.

पण इथे पिपा हे माप आहे, 550 लिटरचं. त्याचा हिशेब असा: सुमारे 435 लिटर आंबता रस आणि त्यात 115 लिटर द्राक्षाचीच कडक दारू, 77 टक्क्यांची. ती पडली की आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि पोर्ट ही गोड वाइन तयार होते. कोणाची किंता केवढी, हे एकरांपेक्षा पिपांत सांगण्याची जुनी रीत आहे.

ही पोर्ट दोन शतकांहून जास्त काळ कडक कायद्यात राहिली. 1756 साली पोंबालच्या मार्केजने खोऱ्याची हद्द ठरवली, ग्रॅनाइटचे तीनशेहून जास्त दगड रोवून. बनावट मालाला आळा घालणं हा एक हेतू. पुढे निर्यात समुद्राकाठच्या गाया गावातल्या वखारींतूनच व्हायची. म्हणजे मळेवाला डोंगरात राबायचा आणि बाटलीवर नाव वखारवाल्याचं. हा नियम 1986 साली सैल झाला. मळ्यातूनच थेट माल परदेशी धाडता येऊ लागला आणि मग गिऱ्हाईक घर पाहायलाही येऊ लागलं. पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या त्या मुख्यतः या वाटेने. 1716 सालापासूनची ‘किंता दु वालादु’ याचं ठळक उदाहरण. तिने जुन्या वाड्याशेजारी शिस्टचीच नवी इमारत उठवली आहे. माझं मन मात्र करकरत्या दारांकडे जास्त. काठोकाठ भरलेले तरणतलाव आता सगळीकडेच असतात.

संध्याकाळी लागारात द्राक्षं तुडवली जातात. लागार म्हणजे ग्रॅनाइटचा गुडघाभर खोल चौकोनी हौद. अनेक ठिकाणी यंत्रं आली आहेत, इथे अजून पाय चालतात. पहिले दोन तास ‘कोर्त’: एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून रांगा करायच्या आणि मुकादमाच्या तालावर एक-दोन, एक-दोन. बोलायचं नाही. मला वीस मिनिटं उतरू दिलं. रस कोमट निघाला, पण तळाशी गार, आणि घड देठांसकट बोटांत अडकत होते. मांड्या भरून आल्या तेव्हा कुणीतरी माझा खांदा घट्ट धरला, बहुधा रांग मोडेल म्हणून. मग ‘लिबेर्दाद’ची हाळी झाली, अकॉर्डियन वाजलं आणि तेच दमलेले लोक हौदातच नाचायला लागले.

पाय तीन दिवस जांभळे राहिले. बाईंनी सकाळी साबण पुढे केला, पण तो कामाचा नाही हे त्यांनाही माहीत होतं.

परतताना पिन्यांवच्या स्टेशनवर गाडीला वेळ होता. भिंतींवर 1937 सालचे निळ्या टाइल्सचे 24 चित्रफलक आहेत: तोडणी, टोपल्या, नदी. एकात सपाट बुडाची राबेलु नाव दिसते. धरणं व्हायच्या आधी याच नावा पिपा लादून खळाळांतून गायाला जायच्या. मी तिच्यावरची पिंपं मोजायला लागले. सातव्यापर्यंत आले आणि गाडी आली.